अनुदान-प्रस्ताव लिहायला शिकवून संशोधनातली दरी बुजते का?

चेसापीककर (धागाकर्ती):
अमेरिकेतील जैववैद्यकीय संशोधनाला सर्वाधिक सरकारी पैसा पुरवणाऱ्या एनआयएचने २०१४ साली 'नॅशनल रिसर्च मेंटॉरिंग नेटवर्क' ही योजना सुरू केली. तिच्यामागे तीन वर्षे आधी 'सायन्स' या नियतकालिकात आलेला डॉना गिंथर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास होता. २००० ते २००६ या काळातील अर्ज तपासून त्यांनी दाखवले होते की शिक्षण, प्रशिक्षण, आधीची अनुदाने आणि प्रकाशने हिशेबात घेतल्यावरही, कृष्णवर्णीय संशोधकाला अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या संशोधकाच्या तुलनेत दहा टक्के-बिंदूंनी कमी राहते. योजनेत दोन प्रमुख कामे होती: अध्यापकांचे छोटे गट करून त्यांच्याकडून खराखुरा प्रस्ताव लिहून घेणे, आणि ज्येष्ठांना मार्गदर्शन कसे करावे हे शिकवणे. २०२५ मध्ये एनआयएचने विविधतेशी संबंधित कित्येक अनुदाने रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही कारवाई तूर्त चालू राहू दिली. म्हणून आताच विचारते, की हा खर्च सार्थकी लागला का?

माझे मत, लागला. मी एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात शिकवते आणि काही वर्षांपूर्वी अशाच एका गटात होते. आर०१ या मुख्य अनुदानाच्या अर्जात संशोधनाचा आराखडा १२ पानांचा असतो, पण त्याआधी उद्दिष्टांचे जे एक पान असते, त्यावरच परीक्षकाचे मत बहुधा बनते. माझ्या त्या पानाचा तिसरा हिस्सा रोगाच्या आकडेवारीने भरलेला होता आणि दुसरे उद्दिष्ट पहिल्याच्या निकालावर टांगलेले होते. पहिले फसले की सगळेच कोसळणार. गटप्रमुखांनी त्या दोन ओळींभोवती पेन्सिलीने गोल काढला, बस्स. मोठ्या विद्यापीठात ही गोष्ट शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याचा मंजूर प्रस्ताव आणि त्यावरील परीक्षकांचे शेरे वाचून आपोआप कळते. आमच्या विभागात असा प्रस्ताव एकाकडेही नव्हता. एनआयएचकडे येणाऱ्या अर्जांपैकी जवळपास निम्म्यांवर परीक्षक मंडळाच्या बैठकीत चर्चाच होत नाही, आणि त्या निम्म्यात जाण्याचे कारण पुष्कळदा विज्ञान नसते, मांडणी असते.

शंकासुर:
'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण इथे उलटी लावावी लागेल. अंगण खरोखरच वाकडे आहे आणि आपण नाचणाऱ्यांना शिकवणी लावतो आहोत. २०१८ साली विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी एनआयएचचे २५ प्रस्ताव ४३ परीक्षकांना दिले. एकाच प्रस्तावाविषयी परीक्षकांमध्ये एकमत जवळजवळ आढळलेच नाही. जिथे कौल असा फिरतो, तिथे लेखनकौशल्य घोटून घेतल्याने नेमके काय साधते? शिवाय अनुदानाची थैली तेवढीच राहते. साधारण पाचांतील एक अर्ज मंजूर होतो, आणि उद्या सगळ्यांचेच पान सुबक झाले तरीही पाचांतील एकच मंजूर होईल. शर्यत मात्र अधिक महाग होईल.

माझा खरा आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. २०१९ मध्ये एनआयएचच्याच लोकांनी २०११ ते २०१५ चे अर्ज तपासले तेव्हा कृष्णवर्णीय संशोधकांचे यश १०.७ टक्के आणि गोऱ्यांचे १७.७ टक्के निघाले, आणि या फरकाचा वीस टक्क्यांहून अधिक भाग विषयांच्या निवडीशी जोडलेला होता. समाजाचे आरोग्य आणि आरोग्यातील विषमता हे विषय कृष्णवर्णीय संशोधक अधिक निवडतात आणि त्यांना पैसा कमी मिळतो. मग प्रशिक्षक त्यांना काय शिकवणार? विषय बदला म्हणून? तसे असेल तर ती विविधता केवळ चेहऱ्यांची राहील.

पेशीमित्र:
शंकासुर यांच्या दोन्ही आधारांना थोडी दुरुस्ती लागते. ते २५ प्रस्ताव सगळेच, काही फेरसादर झाल्यानंतर, मंजूर झालेले होते. निवडक चांगल्यांमध्ये अधिक चांगला कोणता यावर परीक्षकांचे एकमत होत नाही, एवढेच त्यातून दिसते. चांगला आणि कच्चा यांतील फरक त्यांना कळत नाही, असे दिसत नाही. प्रशिक्षण प्रस्तावाला कच्च्यातून बाहेर काढते, आणि तेवढे पुरेसे नाही का?

विषयांच्या बाबतीत २०२१ साली पुढचे विश्लेषण आले. या विषयांवरचे अर्ज एनआयएचच्या ज्या घटक संस्थांकडे जातात, त्यांचे मंजुरीचे प्रमाणच कमी आहे, आणि ते हिशेबात घेतले की विषयाचा परिणाम विरून जातो. म्हणजे परीक्षकांच्या आवडीनिवडीपेक्षा तिजोरीच्या वाटपाचा भाग मोठा आहे. २०१९ मध्येच आणखी एक प्रयोग झाला होता: ४८ प्रस्तावांवर वेगवेगळी नावे घालून ते ४१२ वैज्ञानिकांना वाचायला दिले, तेव्हा प्राथमिक परीक्षणात वंशाचा किंवा लिंगाचा फारसा पक्षपात आढळला नाही.

मार्गदर्शनाविषयी धागाकर्तीने दोनच शब्द लिहिले, पण भक्कम पुरावा तिथेच आहे. २०१४ साली १६ संस्थांतील २८३ मार्गदर्शक-संशोधक जोड्यांवर यादृच्छिक चाचणी (कोणाला प्रशिक्षण द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून) झाली आणि प्रशिक्षण घेतलेल्या मार्गदर्शकांची कौशल्ये सुधारलेली आढळली. हेही कबूल करतो की तिथे मोजली ती कौशल्ये. अनुदाने मोजली नाहीत.

माजी मास्तर:
मी महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठातून निवृत्त झालो. तिकडच्या वंशभेदावर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण कार्यशाळांवर आहे. आमच्याकडे कार्यशाळेचे प्रमाणपत्र कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, फायलीत जाते आणि प्रस्ताव कपाटात राहतो. माणसाला लिहिता येत नसते असे नाही. त्याच्याकडे तास, परीक्षा, प्रवेश आणि नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) फायली एकाच वेळी असतात. आता एएनआरएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'पेअर' योजनेत एक मोठी संस्था काही लहान संस्थांना हाताशी धरते. कल्पना उत्तम आहे. हात धरला जाईल, पण त्या हातातील पेपरांचा गठ्ठा कोण उचलणार?

चेसापीककर:
सर, आपण नेमके बोट ठेवलेत. आमच्या गटात आठ जण होते आणि प्रस्ताव चौघांनीच दाखल केला. राहिलेल्या चौघांचे लेखन आमच्याहून कच्चे मुळीच नव्हते. ते एका सत्रात चार-चार विषय शिकवत होते. ज्या वर्षी माझा एक विषय कमी झाला, त्याच वर्षी माझा प्रस्ताव पूर्ण झाला, आणि तो विषय कमी व्हावा म्हणून विभागप्रमुखांशी माझ्या मार्गदर्शक बोलल्या होत्या. मार्गदर्शनाचा हा अर्थ कुठल्याही पाठ्यक्रमात मला सापडला नाही. त्यामुळे वेळ विकत घेऊन न देणारे प्रशिक्षण अर्धवट आहे, हे माझ्या मूळ मतात आता जोडते.

शर्यत महाग होण्याच्या मुद्द्यावर मात्र, शंकासुर, माघार घेणार नाही. श्रीमंत विद्यापीठांत प्रस्ताव घासूनपुसून देणारे पगारी संपादक आधीपासूनच आहेत. शस्त्रे एका बाजूकडे असताना दुसऱ्या बाजूला शस्त्रस्पर्धेचा दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

शंकासुर:
संपादकांचा मुद्दा मान्य. वाटपाचाही मान्य, पण तो माझ्याच बाजूने जातो: तिजोरी ज्यांच्या हाती आहे त्यांना शिकवणी लावा. जानेवारी २०२५ पासून एनआयएचने परीक्षणाची चौकट बदलून संशोधकाची पात्रता आणि संस्थेची साधने यांना आकडी गुण देणे थांबवले. ती पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच आता पाहिले जाते. मोठ्या नावाचा भार उतरवण्याचा हा प्रयत्न एकाही अध्यापकाला कार्यशाळेत न बसवता झाला.

माजी मास्तर:
एक विनंती. आपले ते उद्दिष्टांचे पान, आधीचे आणि नंतरचे, ओळख पटेल असा मजकूर काढून इथे देता येईल का? माझ्या जुन्या विभागातील तीन तरुण सध्या 'पेअर'साठी लिहीत आहेत.

चेसापीककर:
रविवारी देते, सर. पेन्सिलीचे गोलही ठेवते.

शंकासुर:
परीक्षकांचे शेरेही द्या.