डेंग्यू आणि टायफॉइड दोन्ही एकदम? रिपोर्टचा अर्थ कसा लावायचा?

ऐरोलीची आई
मुलगा १५ वर्षांचा. सोमवारी संध्याकाळी क्लासवरून आला तो कुडकुडतच, ताप १०३. आज बुधवारी सकाळी रक्त दिलं. लॅबने तापाच्या सगळ्याच टेस्ट करून टाकल्या. डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह, डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह, टायफॉइडची विडाल टेस्ट ओ १:१६०, एच १:१६०, म्हणजे पॉझिटिव्ह. मलेरिया नाही.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, आयजीएम निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाहीच. सासूबाई म्हणतात, विडाल आलंय म्हणजे टायफॉइड, आणखी खाऊ दे पाणीपुरी. कोपऱ्यावरच्या केमिस्टने अँटिबायोटिकची पट्टीही हातात ठेवली, अजून फोडलेली नाही. गेल्या वर्षी टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस दिली होती, विडाल त्यामुळे आलं असेल का? डॉक्टरांची वेळ संध्याकाळी सहाची आहे.

सेक्टर १५
पपईच्या पानांचा रस सुरू करा. आमच्या मजल्यावर सगळ्यांना दिला.

नौपाड्याचा लॅबवाला (निवृत्त)
रस राहू द्या. ताई, आधी दिवस मोजा. ताप सोमवारी संध्याकाळी, रक्त बुधवारी सकाळी. दीड दिवस. आयजीएम आणि विडाल दोन्ही अँटिबॉडी बघतात, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रोटीनं. अँटिबॉडी म्हणजे सोसायटीच्या वॉचमनची वही. कोणी येऊन गेलं की नोंद होते, पण नोंद व्हायला वेळ लागतो. डेंग्यूचं आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं, विडाल पहिला आठवडा संपता संपता. म्हणजे दीड दिवसात आयजीएम निगेटिव्ह येणारच, त्यावरून डेंग्यू नाही असं ठरत नाही. आणि त्याच हिशेबाने, दीड दिवसात आलेलं विडाल या तापाचं असणं कठीण. ती जुनी नोंद. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, किंवा टायफॉइडच्या भाऊबंद जंतूंपैकी कुणी येऊन गेला असेल. आडनाव तेच, माणूस वेगळा.

एनएस१ ही वहीतली नोंद नाही, तो विषाणूचाच प्रोटीन आहे. पहिल्या दिवसांत तोच सापडतो. तुमच्या रिपोर्टात सगळ्यात वजनदार ओळ ती.

लसीचं म्हणाल तर ती लस जंतूच्या 'व्हीआय' आवरणाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, विडाल बघतं जंतूच्या ओ आणि एच या वेगळ्या भागांविरुद्धच्या अँटिबॉडी. तेव्हा लसीवर खापर फोडता येणार नाही.

मात्र यातून टायफॉइड नाहीच असंही निघत नाही. तसा संशय डॉक्टरांना आला तर ब्लड कल्चर करतील, म्हणजे रक्तातला जंतूच वाढवून बघतील, आणि ते अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं बरं. पट्टी फोडू नका. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढंच. ब्रुफेन, ॲस्पिरिन अजिबात नको.

माजी बँकवाला, वाशी
मग विडाल करतात कशाला? पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह ना?

नौपाड्याचा लॅबवाला (निवृत्त)
साहेब, तुमच्याच भाषेत सांगतो, आकडे फक्त समजायला. तापाचे १०० पेशंट, खरा टायफॉइड ५ जणांना. टेस्टने त्यातले ४ पकडले. उरलेल्या ९५ पैकी १० टक्के जुन्या नोंदीपायी पॉझिटिव्ह, म्हणजे ९-१०. एकूण १३-१४ पॉझिटिव्ह, खरे चार. 'टायफॉइड असेल तर विडाल येतं' हे बऱ्याचदा खरं. 'विडाल आलं म्हणून टायफॉइड' हे वेगळंच वाक्य आहे.

स्लाईडवर सीरमचा थेंब, शेजारी रंगीत अँटिजेनचा (मेलेल्या टायफॉइड जंतूंचा) थेंब, काडीने कालवायचं, मिनिटभर हलवायचं आणि गुठळ्या होतात का ते डोळे बारीक करून बघायचं. १:१६० म्हणजे १६० पट पातळ करूनही गुठळ्या झाल्या. १८९६ सालची टेस्ट आहे. आठ-दहा दिवसांनी दुसरं रक्त घेऊन आकडा चौपट झाला का बघितलं तर तिला अर्थ आहे. पण दुसऱ्यांदा येतो कोण? माझ्या अख्ख्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले.

ऐरोलीची आई
जाऊन आलो. डॉक्टरांनी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. डेंग्यू धरूनच चाला म्हणाले, उद्या पुन्हा सीबीसी. ताप उतरला की निर्धास्त होऊ नका, जपायचं तेव्हाच. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, रक्त येणं, गळून जाणं, यातलं काही दिसलं तर थेट ॲडमिट.

आता नवऱ्याचं वेगळंच सुरू झालंय. दोन वर्षांपूर्वी त्याला टायफॉइड सांगितला होता, तीन आठवडे मऊ भात खाल्ला. तो तरी खरा होता का, विचारतोय.

नौपाड्याचा लॅबवाला (निवृत्त)
तापाच्या कितव्या दिवशी रक्त दिलं होतं?

ऐरोलीची आई
दुसऱ्या. फाईल काढून बसलाय.