पद्मिनी संपली म्हणे! मग आमच्या दारात उभी आहे ती काय?

कुर्लेकर: 30 ऑक्टोबर 2023 ला प्रीमियर पद्मिनी गाडीचा अंत झाला, असा एक लेख फिरतोय. साफ चूक. त्या दिवशी संपली ती काळी-पिवळी. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 ला नोंदलेली. खासगी गाडीचं तसं नाही. 15 वर्षांनंतर पासिंग करा, हरित कर भरा, पुढची पाच वर्षं चालवा. आमची 1986 ची गेल्याच वर्षी पास झाली. ओळखीत आणखी सात चालू आहेत.

सातारकर: ओळखीतल्या सात म्हणजे किती पद्मिनी उरल्या याची मोजणी नव्हे. आरटीओत नोंद असते आणि गाडी चिंचेखाली सडत असते. आमच्याच वाडीत दोन आहेत, एकीत कोंबड्या बसतात. त्या धरायच्या? रोज रस्त्यावर येते तीच उरली म्हणा.

मंजिरी: रोज काढणार कशी? मे महिन्यात बोरघाटात हमखास बंद पडायची. बाबा बॉनेट उघडून आतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे, आम्ही कठड्यावर.

कुर्लेकर: निगा नसेल. आमची बोरघाट, खंबाटकी, एकदाही थांबली नाही.

मंजिरी: निगा? दर रविवारी प्लग काढून, पॉइंट घासून ठेवणारा माणूस होता तो. माझ्या बाबांबद्दल असं बोलायचं नाही. शब्द मागे घ्या.

घाटमाथा: मंजिरीताईंचं बरोबर आहे. त्या गाडीचा पंप इंजिनलाच बसवलेला. चढावर इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढत नाही. याला निगा काय करणार?

कुर्लेकर: बरं, वाफेचं मान्य. बाबांबद्दलचं मागे घेतो. गाडीबद्दलचं नाही.

सातारकर: घाट पुरे! आधी मोजायचं काय ते ठरवा. लोक डिलाइट, प्रेसिडेंट ही आधीची मॉडेलं आणि पद्मिनी, सगळ्यांनाच फियाट म्हणतात. आकडा फुगतो तो तिथे.

घाटमाथा: शिवाय 50 वर्षं झालेली गाडी 20 हजार भरून व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण ती रोज वापरायची नाही असा नियमच आहे. म्हणजे जिची सगळ्यात जास्त काळजी घेतली तीच तुमच्या हिशेबात बाद. हे मला पटत नाही.

मंजिरी: आमची 2009 ला भंगारात गेली. नऊ हजार आले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा तेवढा काढून ठेवलाय. तो मोजणीत नको, मला माहीत आहे.

कुर्लेकर: दांडा जपून ठेवा, ताई. सातारकर, कोंबड्यांच्या गाडीचा डावा मागचा दरवाजा शाबूत आहे का? आमचा खालून कुजलाय, मुंबईत दोन वर्षं शोधतोय.

सातारकर: आहे. येऊन घेऊन जा. तुमची एक धरली.