मदत हवी आहे : मुलांच्या सरावासाठी बायोरिअ‍ॅक्टर (पेशी वाढवायचं भांडं) कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मी पुण्याजवळच्या एका बायोफार्मा कंपनीत सेल कल्चरची, म्हणजे पेशी वाढवण्याची, शिफ्ट सांभाळते. एमएस्सी बायोटेक झालेली मुलं येतात, थिअरी तोंडपाठ असते, पण क्लीनरूममध्ये (धूळ-जंतू गाळलेल्या हवेच्या खोलीत) पाऊल ठेवलं की गडबडतात. परवा एका हुशार मुलीनं लॅमिनार फ्लोमध्ये (निर्जंतुक कामाच्या कपाटात) उघड्या बाटलीवरून हात नेला. वरून येणारी गाळलेली हवा हातानं अडते आणि हातावरचे कण थेट बाटलीत पडू शकतात, हे तिला कुणी कधी करून दाखवलंच नव्हतं. तिची काय चूक? सीएचओ पेशी (औषधी प्रथिनं बनवणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशी) ३७ अंशांवर आठवडेच्या आठवडे वाढवायच्या आणि एका जंतूपायी अख्खी बॅच फेकायची, हे बघवत नाही हो.

म्हणून साताऱ्याच्या माझ्या जुन्या कॉलेजात दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवड्यांचा वर्ग घ्यायचाय. गाऊनिंग (क्लीनरूमचे कपडे नीट घालणं), बॅच रेकॉर्ड (बॅचच्या प्रत्येक पायरीची नोंद) मी शिकवेन. अडलंय ते बायोरिअ‍ॅक्टरपाशी. काचेचा, ५ लिटरचा, जुना कुणाकडे आहे का? भाड्यानंही चालेल. पीएचचा प्रोब (मोजणारी कांडी) बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) आणि ऑक्सिजनचा नुसतं पाणी भरून कॅलिब्रेट करायला, म्हणजे त्यांचं मोजमाप अचूक जुळवायला, शिकले तरी खूप झालं.

डब्लिनच्या निबर्टमध्ये (बायोफार्मा प्रशिक्षणाच्या संस्थेत) कुणी प्रशिक्षण घेतलंय का? तिथे पहिल्या आठवड्यात काय काय करून घेतात, तेवढं सांगा ना.