मारहाणीत समेट कसला? नवरा-बायकोचं प्रकरण तंटामुक्तीच्या सतरंजीवर घ्यावं का?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

आमच्या गावात एका बाईला नवऱ्याने बंडीच्या उभारीने मारलं. उजवा हात मोडला. दोन दिवसांनी तंटामुक्ती समिती बसली आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर समेट झाला. तो कागद मी स्वतः वाचला. नवऱ्याची एक ओळ : "यापुढे दारू पिऊन त्रास देणार नाही." बाईच्या तीन : "उलट उत्तर देणार नाही, विचारल्याशिवाय माहेरी जाणार नाही, सासूची सेवा नीट करीन." मोडलेल्या हाताबद्दल अख्ख्या कागदात एक अक्षर नाही. बाई दहावी शिकलेली आहे, पण हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिचा अंगठा घेतला.

तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली. मिटलेल्या तंट्यांचे गुण मिळायचे, गावाला बक्षीस मिळायचं. धुऱ्याचे (शेताच्या बांधाचे), पांदणीचे (शेतरस्त्याचे) कितीतरी वाद त्यात मिटले, ते चांगलंच झालं. धुऱ्याच्या वादात दोघंही हातभर मागे सरू शकतात. हाड मोडलं तिथे बाईने कुठे मागे सरायचं? माझं म्हणणं एवढंच, की मारहाण समितीने समेटाला घेऊच नये.

जुना अध्यक्ष

ताई, तुमचा राग समजते मले. मी समितीत बरीच वर्सं काढली. पन कागदाच्या पलीकडचंही पाहा. बाई ठान्यात गेली, नवरा जमानतीवर सुटून आला, मंग तिनं जाचं कुठं? मायबाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जातेत. ते तिले अन् तिच्या लेकरायले ठेवून घेनार काय? सात-बारा नवऱ्याच्या नावानं, घर सासऱ्याच्या नावानं. तालुक्याले जाचं म्हटलं तं त्या दिवसाचा रोज बुडते, अन् कोर्टात नुसती तारीख भेटते. समिती चार मानसायसमोर नवऱ्याले खाली मान घालाले लावते. गावात त्याचाच धाक असते. त्या कागदात बाईच्या अटी चुकीच्या होत्या, हे मी मान्य करतो. पन म्हून समितीच नको म्हनणं मले पटत नाई.

वर्धाकाठ

अध्यक्षांशी सहमत. ४९८-अ, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमामध्ये नवऱ्यासोबत म्हातारे सासू-सासरे, लग्न होऊन गेलेली नणंद, सगळ्यांची नावं टाकतात. उठसूट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयालाच २०१४ मध्ये अर्णेश कुमार निकालात सांगावं लागलं. आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं, पण त्रास तोच. एकदा केस पडली की संसार संपला. आधी गावात बसून बोलण्यात वाईट काय?

कोर्टाची पायरी (तालुका वकील)

दोघांनीही फक्त पोलीस केस डोळ्यांपुढे ठेवली आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा यासाठीच आला. त्यात नवऱ्याला तुरुंगात घालायची मागणी करावी लागत नाही. बाई दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि संरक्षणाचा आदेश मागते. खर्ची मागता येते, लेकरांचा ताबा मागता येतो. अध्यक्षसाहेब, तुमच्या "जाचं कुठं" याचं उत्तर कलम १७ मध्ये आहे : घर कोणाच्याही नावावर असो, ती जिथे नांदते तिथे राहायचा तिला हक्क आहे. गरज पडली तर न्यायालय नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. आदेश मोडला तर तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. तुमचा स्टॅम्पपेपर मोडला तर काय होतं? पुन्हा बैठक.

तारखांचं म्हणणं मात्र खरं आहे. कायदा साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो आणि आमच्याकडे प्रकरणं रेंगाळतात. पण अंतरिम आदेश मागता येतो, आणि तो मागायला लागतात ती कागदपत्रं बहुतेक बायांकडे नसतात. कारण मार लागला त्या दिवशी कोणी नोंदच केलेली नसते.

वर्धाकाठ, तुम्ही सांगितलेला निकाल अटकेबद्दल आहे. गुन्हा नोंदवू नका किंवा समेट करा, असं त्यात कुठेही नाही.

आशाताई

नोंदीचं मी सांगते. बाई दवाखान्यात येते, संग सासू असते. डॉक्टरांनी इचारलं की "विहिरीवर घसरली". पाठीवर पट्ट्याचे वळ दिसतात, तरी घसरलीच. सासू बाहेर गेली की मंग रडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलं होतं, की मार खाल्लेल्या बायांपैकी ७७ टक्के बाया कधी मदत मागत नाहीत, कोणाले सांगतही नाहीत. आमच्या भागात फिरून पाहा, पटते. अन् जी एक बाई हिंमत करून सांगते, तिले समिती पयला प्रश्न काय इचारते? "एवढं होतं तं आधी काऊन नाई सांगतलं?"

वडसा

हा प्रश्न आमच्या वडसा-देसाईगंजच्या (गडचिरोली जिल्हा) लोकांना नवा नाही. १९७२ साली इथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. भावाने दिलेल्या तक्रारीसाठी तिला तिथे बोलावलं होतं. सत्र न्यायालयाने आरोपी सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती, असा अर्थ लावला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. गावच्या बैठकीत अजून १९७८ चाच निकाल चालू आहे.

गावकरी

मूळ दारूत आहे. दारू बंद करा, मारहाण थांबेल.

आशाताई

दारूबंदीसाठी आमच्या बाया रात्री पहाऱ्यावर बसल्या आहेत, आडव्या बाटलीले मत दिलं आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ ला लागली, २०२१ ला उठली, तेव्हा जीव तुटला. पन भाऊ, पिलेला मानूस मालकाले मारत नाई, सावकाराले मारत नाई. घरी येईपर्यंत त्याले बरोबर समजते कोणाले माराचं ते.

वर्धाकाठ

चर्चा आता मानवी हक्कांवर जाणार. संयुक्त राष्ट्रांचे ठराव न्यूयॉर्क-जिनिव्हात शोभतात. आमच्या घरात त्यांनी काय सांगायचं?

पऱ्हाटी

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या, स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या कराराला १९९३ मध्ये मान्यता दिली. म्हणजे हे कोणी लादलेलं नाही, आपणच शब्द दिला आहे. आणि "घरातली बाब" ही अडचण फक्त विदर्भाची नाही. जगात साधारण तीनपैकी एका बाईला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ब्राझीलचं पाहा. मारिया दा पेन्हा या बाईला नवऱ्याने १९८३ मध्ये झोपेत गोळी घातली, ती कायमची चाकाच्या खुर्चीवर गेली. खटला जवळजवळ वीस वर्षं लांबला. २००१ मध्ये अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाने खुद्द ब्राझील सरकारला दोषी धरलं : घरातली हिंसा तुम्ही चालू दिली. तिथे तेव्हा बायकोला मारल्याचे खटले किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायालयात तडजोडीने मिटायचे आणि शिक्षा म्हणून मारणाऱ्याने धान्या-किराण्याची एक टोपली दान द्यायची. २००६ च्या कायद्याने ही टोपलीची शिक्षा बंद केली. आमच्या गावच्या कागदात तर टोपलीही नव्हती.

भारताने मान्य केलेल्या त्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या समितीने २०१७ मध्ये हेच सांगितलं, की बाईवरच्या हिंसेचं प्रकरण सक्तीने समेटाकडे पाठवू नये. मारणारा आणि मार खाणारी समेटात बरोबरीने बसत नाहीत.

मी येत्या महिला ग्रामसभेत ठराव मांडते आहे. मारहाणीचं प्रकरण समितीने समेटाला घेऊ नये. कळल्याबरोबर बाईला विचारून दवाखान्यात नोंद करावी आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवावं. तिच्याकडून कसलीही अट लिहून घेऊ नये.

कोर्टाची पायरी

संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं, नातं लागत नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दावा लागत नाही, हेही ठरावात लिहा. लोक त्यालाच भितात.

जुना अध्यक्ष

शेवटची ओळ मले मान्य. दवाखान्याचीही मान्य, गाडीचं भाडं ग्रामपंचायतीनं द्यावं. पयल्या ओळीले मी ग्रामसभेत विरोध करीन. बाई सोताहून समितीकडे आली तं तिले काय दारातून परत पाठवाचं?

पऱ्हाटी

परत पाठवू नका. तिचं ऐका, पण एकटीचं ऐका, दोन बाया सोबत बसवून. नवऱ्याला समोर बसवून विचारलंत तर ती "घसरले" म्हणूनच सांगेल. ठरावात हे घालते. तरीही विरोध असेल तर सभेत मांडा, मीही तिथेच आहे.