सूचना, कृती की रीत? मुलांना कोणता शब्द द्यावा?

डिचोलीहून प्रश्न
मी तिसरीला मराठी शिकवते. एखादी गोष्ट कशी करायची ते मुलांनी क्रमाने लिहावं, एवढंच हवं होतं. विषय पातोळ्यांचा घेतला, म्हणजे हळदीच्या पानात उकडलेल्या तांदळाच्या गोड पदार्थाचा, कारण श्रावणात त्या इथे गोव्यात बहुतेक घरांत होतात, 15 ऑगस्टला ख्रिस्ती घरांतही होतात. फळ्यावर लिहिलं, 'पातोळ्यांसाठी सूचना लिहा.' अर्ध्या वर्गाने लिहिलं, 'उद्या सर्वांनी पातोळ्या आणाव्यात.' यात मुलांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. मग शब्द कोणता वापरू?

फोंड्याहून
मुलं बरोबरच आहेत. 'सूच्' म्हणजे दाखवणं, कळवणं. सूचनाफलकावर 'सूचना' म्हणजे निरोप, पालकसभेत तीच 'सूचना' म्हणजे सुचवलेली गोष्ट. करून बघण्याजोग्या पायऱ्यांना 'कृती' म्हणा. 'साहित्य' आणि 'कृती' ही जोडी मुलांनी ऐकलेली असते. लगोरीसाठी मात्र 'कृती' शोभत नाही, तिथे 'कसं खेळायचं' असंच विचारावं. 'रीत' गोड शब्द आहे, पण तो गणिताच्या तासाला गुंतलाय.

पेडण्याहून
शब्दापेक्षा मला क्रियापदाची काळजी वाटते. पुस्तकी वळणाने 'घ्यावे' शिकवलं की लिंग-वचन आलंच: गूळ घ्यावा, वाटी घ्यावी, पीठ घ्यावे, पाने घ्यावीत. आठ वर्षांच्या मुलाचं सगळं लक्ष त्या शेपटाकडे जातं आणि पायरी सुटते. आज्ञार्थातलं 'घ्या' सगळ्यांना एकच. 'घ्यावे'सारखा विध्यर्थ पुढे शिकू द्यात. आणि ज्यांच्या घरी कोकणीत 'उदक घालचें' म्हणतात, त्यांनी वहीत 'पाणी घालचं' लिहिलं तर लगेच लाल शाई नको. 'घालायचं' त्याच्या शेजारीच उभं आहे.

डिचोलीहून पुन्हा
दोघांचंही ऐकलं. आज 'कृती' दिली आणि 'घ्या, घाला' अशीच रूपं ठेवली. एका मुलीने लिहिलं: 'हळदीचं पान घ्या. चून घाला. पान दुमडा. उकडा.' (चून म्हणजे आतलं नारळ-गुळाचं सारण.) मी कागदाचं पान कापलं, ती वाचत गेली तसं करत गेले. कोऱ्या पानावर चून ठेवताच वर्ग ओरडला, 'बाई, पीठ! पीठ लावलंच नाही!' मग तिने स्वतःच मधे ओळ घुसवली: 'तांदळाचं वाटलेलं पीठ पानाला पातळ लावा.' 'घाला' नाही, 'लावा'. हा फरक मी सांगितला नव्हता.

शेवटच्या 'उकडा'वर मात्र अडलो. एक मुलगा म्हणाला, बटाटे उकडतात तशी पातोळी पाण्यात टाकायची का? प्रश्न खरा आहे. मराठीत बटाटाही उकडतात आणि मोदकही. आम्ही 'वाफेवर उकडा' असं केलं. तुमच्याकडे यासाठी एकच नेमकं क्रियापद आहे का? 'वाफवा' मुलांच्या तोंडी बसत नाही.