मदत हवी आहे: कासव काकडी सोडून काहीच खात नाही

मावसबहिणीने घर बदललं, म्हणून तिचं रशियन कासव आता आमच्याकडे असतं. जमिनीवरचं आहे, पाण्यातलं नव्हे. आधीच सांगते, कारण कुठेही विचारलं की कोणीतरी सुकी कोळंबी सुचवतंच. नर आहे, पूर्ण वाढलेला. इतकी वर्षं त्याचा खुराक म्हणजे काकडी, टोमॅटो आणि आइसबर्ग लेट्यूस. दुसरं काही ठेवलं की महाराज वास घेतात, मान फिरवतात आणि ताटलीवरूनच चालत निघून जातात.

वाचन भरपूर झालंय. या जातीला चोथा जास्त आणि प्रथिनं कमी लागतात, शिवाय कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं. काकडीत ९५ टक्के पाणीच असतं. टोमॅटोत उलट फॉस्फरसच जास्त. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते अंगी लागू देत नाही. फळांच्या साखरेने पोट बिघडतं, म्हणून तीही नकोत. यादी मला पाठ आहे, पण ती कासवाच्या गळी कशी उतरवायची?

डँडेलियन आणि प्लँटेन (केळं नव्हे, दोन्ही रानटी तणं), तुतीची आणि जास्वंदीची पानं देऊन पाहिली. जास्वंदीचं लाल फूल मिटक्या मारत खातो. पान मात्र तोंडात धरतो, जरा ओढतो आणि सोडून देतो. काकडीत मिसळून दिलं तर काकडी तेवढी वेचून खातो. कॅल्शियमची पावडर भुरभुरली तर त्या काकडीलाही तोंड लावत नाही.

दिव्याखाली ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २२च्या आसपास. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब नवीन आहे. वजन स्थिर, नाक-डोळे स्वच्छ.

"भूक लागली की झक मारत खाईल" असं घरचे म्हणतात. खरंच उपाशी ठेवायचं का? माझं मन धजत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

— गोगलगाय

कवचकुंडल:
मोठ्या, धडधाकट कासवाने काही दिवस उपास केला म्हणून लगेच घाबरू नका. ही जात मूळ प्रदेशात वर्षातला बराचसा काळ जमिनीखाली बिळात निजून काढते. पिल्लाच्या बाबतीत मात्र हा प्रयोग मुळीच नको. तसंही मी उपाशी ठेवण्यापेक्षा फसवण्याच्या बाजूचा आहे.

वेचता येतंय तोवर तो वेचणारच. पानं अगदी बारीक चिरा, काकडी किसा आणि दोन्ही इतकं कालवा की वेगळं काढताच येणार नाही. सुरुवातीला काकडी जास्त, मग हळूहळू कमी. घाई केलीत तर तो सगळंच नाकारेल. जास्वंदीचं फूल आवडतं ना? मग तेच चुरडून वर पसरा. लाल-पिवळ्या रंगाकडे कासवं ओढली जातात. खाणं सकाळी द्या, पण अंग शेकून झाल्यावर. गार कासवाला भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. आधी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवलंत तर आणखी चांगलं. पाणी हनुवटीच्या खालीच राहू द्या.

पावडर चिमूटभरच, ओल्या मिश्रणात पूर्ण मुरवून. शिवाय कटलबोन, म्हणजे समुद्रफेन, कोपऱ्यात ठेवून द्या. वाटेल तेव्हा कुरतडेल. ट्यूब आणि कासव यांच्यामध्ये काच नाही ना, तेवढं बघा. यूव्हीबी काचेतून जात नाही आणि त्याशिवाय ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग कॅल्शियम कितीही द्या, उपयोग नाही.

रानभाजी:
वरचं सगळं मान्य, पण "पान धरतो, ओढतो आणि सोडून देतो" हे वाचून मी थबकले. याला नखरे म्हणायची घाई नको. वर्षानुवर्षं मऊ खाल्लं की चोच झिजत नाही, वाढत जाते, मग चिवट पान तोडताच येत नाही. फूल आणि काकडी मऊ, म्हणून तेवढंच जमतं. समोरून आणि बाजूने चोच नीट बघा. आणि विष्ठेची तपासणी झाली आहे का? जंत वाढले तरी खाणं बिघडतं.

गोगलगाय:
आत्ताच बघितलं. वरची चोच पोपटासारखी खाली वळली आहे! मला वाटलं ती तशीच असते. नखं कापायच्या कटरने टोक काढता येईल का?

रानभाजी:
अजिबात नको. आत जिवंत भाग असतो, रक्त येतं, चोच उभी तडकूही शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडूनच घासून घ्या. विष्ठेचा ताजा नमुना सोबत न्या, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील. नंतर खाणं खरबरीत, सपाट दगडावर वाढत जा, म्हणजे चोच आपसूक झिजेल.

गोगलगाय:
दोघांचेही आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. चोच घासल्यावर अख्खी पानं लगेच दिली तर चालतील का?

कवचकुंडल:
एखादं कोवळं पान ठेवून बघा. तोडता आलं तर उत्तमच, पण बारीक चिरलेलं मिश्रण इतक्यात बंद करू नका. जीभ अजून काकडीचीच आहे.