उद्योग केंद्रातल्या कुणी तुमची फाईल मनापासून पुढं नेली का? अनुभव सांगा

औसेकरीण
आज पोटमाळा आवरताना 2012 ची फाईल सापडली. डाळमिलची. चहा गार झाला, मी वाचतच बसले.

तेव्हा बँकेनं तीनदा परत पाठवलं होतं. "घरचे कुणी माणूस पाठवा" म्हणले. लातूरच्या जिल्हा उद्योग केंद्रातले उद्योग निरीक्षक साहेब मात्र माझ्याशीच बोलायचे. "ताई, क्विंटलभर तुरीला डाळ किती पडते, चुनी किती, हे तुम्हाला तोंडपाठ पाहिजे. मुलाखतीत तेच विचारतेत." दोन दुपारी बसून त्यांनी अहवाल माझ्याच हातानं लिहून घेतला. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत ग्रामीण आणि महिला म्हणून 35 टक्के अनुदान, पदरचे फक्त 5 टक्के, हे त्यांनीच सांगितलं. चौथ्या वेळी बँकेत स्वतः सोबत आले. मॅनेजरसमोर एक शब्द बोलले नाहीत, नुसते शेजारच्या खुर्चीवर बसले. कर्ज झालं.

तुमचंही लिहा.

भूमचा_खवेवाला
आमचं 2021 चं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना. कृषी खात्यानं अर्जाच्या मदतीला नेमलेल्या संसाधन व्यक्तीनं भट्टीवर येऊन धूर बघितला अन् म्हणले, आधी वाफेवरचं मशीन घ्या, आईचे डोळे वाचतील. आईला लई आवडले ते.

स्वाती_परभणी
अनुदान लगेच हातात येतं का? भावाला सांगायचंय

औसेकरीण
नाही गं. पंतप्रधान रोजगार निर्मितीत 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं, युनिट चालू दिसलं की कर्जात वळतं करतेत. त्या भरवशावर उसनवारी करू नको म्हणावं.

लेथवाला
माझं कर्जाचं नाही, थकलेल्या बिलाचं. एका मोठ्या कंपनीनं 8 महिने पैसे दाबले होते. उद्योग केंद्रातल्या मॅडमनं विचारलं, उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, कधीची? माल द्यायच्या आधीची होती, म्हणून वाचलो. 45 दिवसांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यातच आहे. असली थकलेली बिलं बघणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडं अर्ज त्यांनी पुढ्यात बसून भरून घेतला. नोटीस गेली अन् मुद्दल आलं. व्याज मीच सोडलं, पुढं काम पाहिजे होतं.

गंगाखेडचा
आमची फाईल टेबलावरच राहिली. साहेब बदलले, नवीन माणसानं सगळं पहिल्यापासून मागितलं. भाऊ शेवटी पुण्याला गेला.

औसेकरीण
वाईट वाटलं दादा. चांगला माणूस बदलून गेला की असंच होतं.

निरीक्षकाची_लेक
माझे बाबा याच खात्यात होते, लातूरला नाही पण. रविवारी सुद्धा लोक घरी यायचे, आई सगळ्यांना पोहे करायची. पहिलं लोणचं, पहिली चटणी, पहिली उदबत्ती आमच्या घरी यायची अन् बाबा पैसे दिल्याशिवाय घ्यायचे नाहीत. ताई, तुमचं त्यांना आत्ता वाचून दाखवलं. विचारलेत, मिल चालू आहे का?

औसेकरीण
चालू आहे म्हणावं. दोन बाया कामाला आहेत. बाबांना नमस्कार सांग.

स्वाती_परभणी
खवेवाले दादा, दिवाळीला 5 किलो मिळंल का? परभणीला एसटीनं पाठवता येतो?

भूमचा_खवेवाला
येतो की. रात्रीच्या गाडीनं टाकतो, उन्हात नको.